अठरा लाद्यांची वाट

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी तुळशीला पाणी घालून परत येताना चिखलात घसरल्या. डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हाडही नीट जुळलं, पण मनातली धास्ती काही जाईना.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका सोसायटीत तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की भिंतीलगत मातीचा लांबट पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला वृंदावन. दारापासून तिथवर अंतर साडेपंचवीस फूट. त्या दिवसानंतर आई दारातच थांबायला लागल्या. संध्याकाळी निरांजन लावून माझ्या हातात द्यायच्या आणि मी ते ठेवून परत येईपर्यंत चौकट धरून उभ्या राहायच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने स्वतःच्या हाताने लावलेली तुळस अशी लांबून बघायची, हे मला बघवेना.

म्हणून ही वाट केली. पहिल्या अर्जापासून शेवटची लादी बसेपर्यंत चार महिने गेले. त्यात हाताने केलेलं काँक्रीटचं काम जेमतेम सात दिवसांचं, बाकी सगळं वाट पाहणं. मी बँकेत नोकरी करते. सिमेंटची गोणी त्याआधी मी कधी उघडूनही पाहिली नव्हती. कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

आमचा पहिला विचार होता की दारापासून वृंदावनापर्यंत सलग काँक्रीट ओतून घ्यावं. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला तेच सगळ्यात सोयीचं. पण ती जागा आमच्या वापरात असली तरी मालकीने सोसायटीची आहे. १२ जानेवारी २०२५ ला मी व्यवस्थापन समितीकडे अर्ज दिला. तो २ फेब्रुवारीच्या मासिक बैठकीत आला आणि नामंजूर झाला. कारणं दोन होती. त्या पट्ट्याखालून ड्रेनेजची लाइन जाते आणि वाटेत दोन चेंबर आहेत. लाइन तुंबली तर आमचं काँक्रीट फोडावं लागेल. शिवाय सलग काँक्रीट झालं की पावसाचं पाणी मुरणार नाही आणि ते इमारतीच्या भिंतीकडे वळेल. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. दोन दिवसांनी शांतपणे विचार केल्यावर दोन्ही कारणं पटली. समितीतल्या एका काकांनीच जिन्यात थांबवून सांगितलं, "उचलून बाजूला ठेवता येईल असं काही करत असाल तर परत अर्ज द्या. मी मांडतो."

दुसऱ्या अर्जाच्या पहिल्याच वाक्यात मी लिहिलं: सुट्या, उचलता येणाऱ्या लाद्या. सोबत आलेखाच्या कागदावर हाताने काढलेला नकाशा जोडला. त्यात दोन्ही चेंबर, पाण्याचा नळ, भिंतीपासूनचं अंतर आणि प्रत्येक लादीची जागा दाखवली. वरच्या आणि शेजारच्या फ्लॅटवाल्यांच्या ना-हरकत सह्या घेतल्या. लाइन दुरुस्तीच्या वेळी लाद्या आम्ही स्वखर्चाने उचलू, असं हमीपत्र समितीने मागितलं होतं. त्यासाठी मी शंभराचा मुद्रांक घ्यायला गेले. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कामाला शंभराच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, हे मला खिडकीवर कळलं. २ मार्चच्या बैठकीत ठराव झाला, ६ मार्चला पत्र हातात आलं. अटी अशा की चेंबरच्या झाकणावर लादी नको, माल उतरवणं सकाळी दहा ते पाच याच वेळेत, सिमेंटचं पाणी चेंबरमध्ये सोडायचं नाही, आणि ५,००० रुपये अनामत, काम तपासून परत. हा नकाशा पहिल्याच अर्जाला जोडला असता तर माझा एक महिना वाचला असता.

हे चालू असताना मी नर्सरीत जाऊन तयार लाद्या पाहून आले. तेव्हा २५० ते ३०० रुपयांना एक मिळत होती. हिशोबाने पाहिलं तर घरी करणं काही स्वस्त पडत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पण तिथे होत्या त्या एकतर बारा इंचाच्या गोल, नाहीतर वरून इतक्या गुळगुळीत की कोरड्यावरही पाय सरकावा. आईंच्या फिजिओथेरपिस्टला मी विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, "पाय आणि काठी दोन्ही एकाच लादीवर टेकले पाहिजेत. काठी मातीत गेली की तोल गेला. आणि त्यांना पाय लांब टाकायला लावू नका." बारा इंचाच्या गोलात पाय आणि काठी मावत नाही.

मग प्रश्न आला की दोन लाद्यांमध्ये अंतर किती ठेवायचं. सगळीकडे दोन फूट सांगतात. म्हणजे एका लादीच्या मध्यापासून पुढच्या लादीच्या मध्यापर्यंत ६० सेंटिमीटर. माझं पाऊल तेवढंच पडतं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी हॉलमधली फरशी कोरडी पुसून घेतली, आईंना ओल्या पायपुसण्यावर उभं केलं आणि म्हटलं, "आता बाल्कनीपर्यंत चाला, नेहमीसारखं." त्या चालल्या. ओले ठसे सुकायच्या आत मी टाचेपासून टाचेपर्यंत टेप लावत गेले. १६ इंच, १७, १६, १७, एक १५. तिसऱ्या फेरीला त्या दमल्या आणि १४ वर आल्या. माझ्या एका पावलात त्यांची जवळजवळ दीड पावलं बसत होती. सोळा वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी बाजारात त्यांच्या पुढे चालते आणि मग थांबून मागे बघते, तेव्हा त्या मागे का पडलेल्या असतात, हे त्या दिवशी टेपवर वाचलं.

लादी त्या मापाने ठरली. १५ इंच बाय १५ इंच, जाडी २ इंच, मधली फट २ इंच. म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत १७. साडेपंचवीस फुटांना बरोबर अठरा लाद्या. तुमच्या घरी कुणासाठी वाट करणार असाल तर आधी त्या माणसाला चालवा आणि मोजा. बाकी सगळी मापं त्यातून आपोआप निघतात.

साचे सुताराकडून करून घेतले. पॅकिंगच्या लाकडाच्या २ इंच उंच पट्ट्या, आतून १५ इंचाचा चौकोन, आणि दोन कोपऱ्यांना बोल्ट, म्हणजे साचा उघडून लादी न दुखवता काढता येते. असे चार साचे १,२०० रुपयांत झाले. तळ नाही, खाली सपाट जागेवर जाड प्लॅस्टिक अंथरायचं आणि त्यावर साचा ठेवायचा. आतून तेल लावावं लागतं, नाहीतर काँक्रीट लाकूड सोडत नाही. बरेच जण गाडीचं जळकं ऑइल लावतात. मला ते तुळशीच्या वाटेला नको होतं, म्हणून घाण्यावरून शेंगदाणा तेलाचा गाळ आणला. त्याने साचे छान सुटले.

सिमेंट घेताना गोणीवरचा छापील आठवडा आणि वर्ष पाहून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी घेऊ नका. दमट हवेत सिमेंटची ताकद हळूहळू कमी होत जाते. मला मिळालं ते पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. ते सावकाश घट्ट होतं, म्हणून त्याला पाणीही जास्त दिवस मारावं लागतं. नदीची वाळू घेतली नाही, क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू घेतली. खडी बारीक, १० मिलिमीटरची. दोन इंच जाडीत पाऊण इंची खडी घातली तर ती नीट बसत नाही, कडेला पोकळ्या राहतात. ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशोबात आपल्याला काहीच नको असतं, त्यामुळे दुकानदाराला गोण्या भरून द्यायला सांगायचं. 'छोटा हत्ती' म्हणतात त्या लहान टेम्पोने सगळं एका फेरीत आणलं.

८ मार्चला, दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीला, मी एकटीने पहिली लादी केली. पाणी भरपूर घातलं, कारण पातळ माल साच्यात आपोआप पसरतो आणि वरून आरशासारखा दिसतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीत डागडुजी करणारे गवंडीमामा दोन तास काढून आले. त्यांनी लादीवर खिळा ओढला. पांढरी पूड निघाली. "ताई, पाणी वर आलं आणि सिमेंट घेऊन आलं. ही पावसात झडणार," म्हणाले.

त्यांनी शिकवलेलं प्रमाण चार लाद्यांना पुरतं. रंगाचा पाच लिटरचा रिकामा डबा माप म्हणून घ्यायचा. सिमेंट दीड डबा, वाळू तीन डबे, खडी साडेचार डबे. म्हणजे एकास दोन, तीन. आधी वाळू आणि सिमेंट कोरडंच कालवायचं, सगळा रंग एक होईपर्यंत. मग खडी. मग मध्ये आळं करून पाणी. पाणी साडेपाच लिटर मोजून बाजूला ठेवायचं आणि त्यातलंही शेवटचं अर्धा लिटर हात राखून घालायचं. माल मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. ही मुठीची परीक्षा मला सगळ्यात उपयोगी पडली, कारण वाळू ओलसर असेल तर ठरलेलं पाणीही जास्त होतं. (परीक्षा अर्थातच हातमोजे घालून.)

साचा निम्मा भरायचा, थापीच्या टोकाने कोचून घ्यायचा, त्यावर कोंबडी जाळीचा तुकडा कडेपासून इंचभर आत ठेवायचा, मग उरलेला माल. जाळीने लादी तुटायची थांबत नाही. तुटली तर तुकडे धरून ठेवते, एवढंच. नंतर साच्याच्या चारही बाजूंना हातोडीने हलके ठोके देत राहायचं, वर बुडबुडे येईनासे होईपर्यंत. मी पहिल्या वेळी इथेच कंटाळा केला होता आणि कडा मधाच्या पोळ्यासारख्या निघाल्या होत्या. पाट्याने वरचा माल ओढून घ्यायचा, रंधा (गवंड्याची सपाट लाकडी पाटी) फिरवायचा आणि थांबायचं. पाण्याची चकाकी गेली की नव्या खराट्याने चालण्याच्या दिशेला आडवे फराटे ओढायचे. वर निरू, म्हणजे गुळगुळीत करायचा लेप, घासू नका. मामांनी निरूचं नाव काढल्यावर मी त्यांना श्रावणातली गोष्ट सांगितली, मग त्यांनीच स्वतःच्या हाताने फराटे ओढून दाखवले.

९ मार्चला त्या मालाच्या दोन लाद्या केल्या. पुढे मार्चअखेर, बँकेत मान वर करायला वेळ नाही, त्यामुळे काम थांबणारच होतं. मामा म्हणाले, तोवर एक ओली ठेवा आणि दुसरी उन्हात टाकून द्या, मग बघा. एक गोणपाटात गुंडाळून चौदा दिवस ओली ठेवली. दुसरी उघडीच राहिली. २८ दिवस ६ एप्रिलला पूर्ण झाले. रामनवमी होती, म्हणून जन्मकाळ आणि सुंठवडा झाल्यावर दुपारी हातोडा घेतला. उन्हातली लादी तिसऱ्या घावाला दुभंगली आणि आतून मातकट दिसली. ओली ठेवलेली नवव्या घावाला फुटली, आणि तीही खडीतून फुटली, आतला रंग गर्द राखाडी. माल एकच, साचा एकच, दिवसही एकच. आई खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "पाणी मारायचं काम माझ्याकडे दे."

१२, १३ आणि १४ एप्रिल अशी शनिवार, रविवार आणि आंबेडकर जयंती मिळून तीन दिवसांची सुट्टी आली. १२ ला मामा सकाळी होते, चारही लाद्या सुरेख झाल्या. १३ ला मी उशिरा, दहाला सुरुवात केली. ऊन चढलं होतं. अकराला साचे भरून झाले आणि मी पाणी प्यायला आत गेले. बाहेर येऊन पाहते तर दोन लाद्यांवर केसासारख्या भेगा. वरचं पाणी उन्हाने इतक्या झपाट्याने ओढून घेतलं होतं की खालचा माल घट्ट होण्याआधीच वरची कातडी तडकली. एक भेग खोल होती, ती लादी बाद केली. दुसऱ्या दिवशी मी पहाटे पावणेसहाला काम सुरू केलं, ते बरोबरच होतं, पण त्यासाठी आदल्या दिवशीचे साचे एकोणीस तासांतच उघडले आणि एका लादीचा कोपरा उडाला. पूर्ण चोवीस तास जाऊ द्या. त्यानंतर प्रत्येक वेळी मी आठच्या आत आटपलं आणि फराटे ओढून वरचा भाग बोटाला चिकटेनासा झाला की लगेच प्लॅस्टिक झाकलं. पुन्हा भेग आली नाही.

१४ तारखेचीच अजून एक गोष्ट आहे आणि ती मी जरा ठासून सांगते. ओट्याची उंची नसल्यामुळे मी गुडघे टेकून काम करत होते. सलवार गुडघ्यांवर सिमेंटच्या पाण्याने भिजली. तेव्हा काहीच जाणवलं नाही. दुपारी अंघोळीला गेले तेव्हा दोन्ही गुडघे लाल, आणि रात्रीपर्यंत कातडी सोलवटली. ओलं सिमेंट ओल्या चुन्यासारखं तीव्र असतं. लगेच चटका बसत नाही म्हणून आपण बेसावध राहतो. डॉक्टर म्हणाले, कपडा भिजला त्याच क्षणी काढून भरपूर वाहत्या पाण्याखाली धरायला हवं होतं. बरं व्हायला पंधरा दिवस लागले. रबरी हातमोजे, गमबूट आणि गुडघ्यांखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली जुनी उशी, एवढं असल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. डोळ्यांवर चष्मा असावा. घमेली धुतलेलं पाणीही असंच जहाल असतं. माझ्याकडून ते एकदा जास्वंदीच्या बुंध्याशी गेलं आणि आठवड्यात तिची खालची पानं करपली. मग मी ते बादलीत साठवून ठेवायला लागले. गाळ खाली बसतो, घट्ट होतो आणि राडारोड्यात टाकता येतो.

१८ ला गुड फ्रायडे आणि २० ला रविवार, असे उरलेले दोन घाणे झाले. एक गोणी अठरा लाद्यांना पुरेल असा माझा कागदावरचा हिशोब होता. तो तंतोतंत बरोबर होता, पण चाचणीच्या, बाद झालेल्या आणि सांडलेल्या मालासाठी दुसरी गोणी आणावी लागली. घर रंगवताना आपण जसा एक डबा जास्तीचा धरतो, तसं इथेही धरा.

शेवटच्या घाण्याला नक्षीचा विषय निघाला. मला वाटत होतं, तुळशीची वाट आहे तर लक्ष्मीची पावलं उमटवावीत. आईंनी ताबडतोब नाही म्हटलं. "त्यावर आपला पाय पडणार. देवाची खूण पायाखाली नको." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनी कुंडीतलं अळूचं पान आणलं. शिरांची बाजू खाली करून ओल्या मालावर ठेवायचं, रंध्याने अलगद दाबायचं आणि दुसऱ्या दिवशी सोलून काढायचं. एकेक शीर उमटते. फक्त पहिल्या आणि शेवटच्या लादीच्या कोपऱ्यात उमटवलं, मध्यभागी नाही, कारण खळग्यात पाणी साचून तिथे शेवाळ धरलं असतं.

पुढचे चौदा दिवस आईंचे. लाद्या सावलीत उभ्या रचून ठेवल्या, त्यावर गोणपाट आणि गोणपाटावर प्लॅस्टिक. प्लॅस्टिकमुळे दिवसातून दोनदाच पाणी मारावं लागलं. पाणी आरओ मशिनमधून वाया जाणारं वापरलं, वेगळं असं काही लागलं नाही. कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात आईंच्या अक्षरात "स" आणि "सं" आहे, सकाळ-संध्याकाळची खूण. एका दिवशी मी ऑफिसातून उशिरा आले तर त्या पाइप हातात घेऊन बसल्या होत्या. घसरल्यानंतर त्या मागच्या दाराबाहेर स्वतःहून आलेल्या मला आठवत नव्हत्या. मी त्यावर काही बोलले नाही, चहा ठेवला.

४ मेला एका मजुराला लावून चर खोदला. सतरा-अठरा इंच रुंद आणि सात इंच खोल. वरची माती काळी आणि तिच्याखाली बांधकामाच्या वेळचा राडारोडा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावर थेट ठेवलेली लादी वर्षभरात वाकडी होणार हे नक्की. म्हणून खाली चार इंच मुरूम. तो एकदम न ओतता दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मसाने, म्हणजे जड ठोकण्याने, ठोकायचा. त्यावर इंचभर क्रश सँड आणि मग लादी. चर खोदताना लाइनचा पाइपही दिसला. नकाशात चेंबर दाखवले होते म्हणून आम्ही त्या टप्प्यावर हाताने, जपून खणत होतो.

१० आणि ११ मेला लाद्या बसवल्या. एक लादी साधारण साडेसतरा किलोची असते, दोघांनी मिळून उचला. दोरी ताणून, पाणसळ (पातळी बघायचं साधन) लावून, रबरी हातोडीने ठोकत. भिंतीच्या विरुद्ध बाजूला अगदी किंचित उतार ठेवला. प्रत्येक लादीवर चारही कोपऱ्यांत उभं राहून हलते का ते पाहायचं. हलली तर उचलून वाळू सारखी करायची. या कामाला मला वाटलं त्याच्या दुप्पट वेळ लागला. फटींमध्ये बारीक खडी घालणार होते, पण सुट्या खडीवर काठी सरकते, म्हणून माती भरून हरळीची मुळं लावली.

एकूण खर्च असा: सिमेंटच्या दोन गोण्या ७८०, वाळू ५६०, खडी ३५०, मुरूम ९००, टेम्पो ७००, साचे १,२००, जाळी २००, हातमोजे आणि गमबूट ५५०, प्लॅस्टिक १८०, थापी आणि रंधा ३५०, मामांना दोन वेळचे १,००० आणि खोदाईचे ९००. मुद्रांकाचे ५०० धरून ८,१७० रुपये. डॉक्टरांचे वेगळे. धुम्मस आणि पाणसळ मामांची वापरली.

११ मेच्या संध्याकाळी आई निघाल्या. मी बाजूला, हात न धरता. काठी, पाय, पाय. पाचव्या लादीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "आज एवढंच." आम्ही परत फिरलो. दुसऱ्या दिवशी नऊ. बुधवारी मी ऑफिसातून आले तेव्हा वृंदावनात निरांजन लागलेलं होतं. कुणी लावलं असं मी विचारलं नाही. आई भाजी निवडत होत्या.

त्या वर्षी मे महिना पावसातच गेला. २६ मेला मान्सून मुंबईत दाखलही झाला, इतक्या लवकर तो क्वचितच येतो. पुण्यातही आदल्या आठवड्यापासून धो-धो चालू होतं. मी खिडकीतून बघत होते की पाणी कुठे साचतं. लाद्यांवर साचलं नाही, फटींत मुरलं. खराट्याच्या फराट्यांवर मी स्वतः ओल्या चपलांनी, मग अनवाणी चालून पाहिलं. पाय धरून राहतो. पहिल्या पावसानंतर काही लाद्यांवर पांढरट डाग आले, लोणा लागल्यासारखे. आतला चुना पाण्याबरोबर वर येतो. कोरड्या ब्रशने घासले, दोन-तीन पावसांत कमी झाले. आईंच्या काठीचं रबरी बूड झिजलं होतं, ते मात्र लगेच बदललं. चाळीस रुपयांना मिळालं, वाट करणार असाल तर आधी ते बघा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात समितीचे काका येऊन चेंबर उघडून पाहून गेले आणि अनामतीचा चेक मिळाला. कोपरा उडालेली लादी नळाखाली ठेवली आहे, तिच्यावर आता बादली असते.

नववी लादी मात्र एका कोपऱ्यात पाव इंच खचली. तिच्याखालीच राडारोडा जास्त होता आणि तिथला मुरूम आम्ही संध्याकाळच्या घाईत ठोकला होता. ८ जूनला उचलून परत बसवली, तरी अजून किंचित वाजते. आई तिथे आल्या की आधी काठीने दोनदा टकटक करतात, आवाज ऐकतात आणि मग पाय ठेवतात. पाऊस उघडला आणि माती वाळली की ती पुन्हा उचलायची आहे. या वेळी आणखी खाली जाऊन.